अठरा वर्षांचा विद्यार्थी, त्याचे आईबाप आणि विद्यापीठ

(न्यासाच्या महोत्सवी वर्षानिमित्त पांढुर्णा येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचे गुणगान करावे अशी रीत आहे. आमच्या आधी बोललेल्या मंडळींनी ती उत्तम पाळली आहे. तेव्हा आम्ही सरळ विषयालाच हात घालतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींविषयीची कोणती माहिती आईबापांना कळवावी आणि कोणती त्या मुलांच्याच स्वाधीन ठेवावी, हा तो विषय. ऐकावयास लहान वाटतो. परंतु ज्या न्यासाचे निम्मे काम शिष्यवृत्त्या, पुस्तके आणि वसतिगृहाच्या खर्चाचे आहे, त्याच्या दारी हा प्रश्न नित्य उभा राहतो.

न्यासाकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक बाप येतो. संत्र्याचा बहार विकून त्याने मुलाची फी भरलेली असते. तो म्हणतो, "कॉलेजात फोन केला तर कारकून म्हणतो, मुलालाच विचारा. पैसा आमचा आणि आम्हीच परके?" दुसरी येते ती मुलगी. ती हळू आवाजात सांगते, "एका विषयात राहिले आहे. पुढच्या परीक्षेत काढीन. पण आता घरी कळले तर परीक्षेच्या आधी माझे लग्न ठरेल." दोघेही खरे बोलतात. बापाची काळजी खोटी नाही आणि मुलीची भीतीही खोटी नाही. या दोघांना एकाच वेळी न्याय कसा द्यावा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम आपल्या भागाकडे पाहू. आपण दोन राज्यांच्या वेशीवरची माणसे. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर पलीकडे गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि विद्यापीठाच्या अर्जावर इंग्रजी अशी आपली तीन भाषांची वस्ती. मुले छिंदवाड्यास शिकतात, नागपुरास जातात, काही भोपाळ, पुणे गाठतात. जुन्या काळी परीक्षेचे निकाल वर्तमानपत्रांत नुसत्या क्रमांकांनी छापून येत. ज्याला क्रमांक ठाऊक त्यालाच निकाल ठाऊक. नागपुरास राहणारा कोणी गाववाला पोळ्याला आला म्हणजे मुलाची खबरबात सांगे. प्राध्यापकाला फारच काळजी वाटली तर एखादे कार्ड घरी येई. माहिती थोडी होती, सावकाश येत होती आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडून येत होती.

आज तसे राहिलेले नाही. हजेरी, गुण, फीची थकबाकी, वसतिगृहात परतण्याची वेळ हे सारे यंत्रात नोंदले जाते आणि क्षणात कोठेही पाठविता येते. प्रवेशाचा अर्ज भरावयाचा तर आपल्याकडे मुले एमपी ऑनलाइनच्या दुकानात जातात. तेथे समग्र आयडी, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक असे सर्व कागद दुकानदाराच्या संगणकात उतरतात. ओटीपी बहुधा बापाच्या फोनवर येतो आणि पासवर्ड दुकानदाराच्या वहीत राहतो. दुकानदार सचोटीचा असेलही. पण घराची सारी कुंडली तिऱ्हाइताच्या वहीत राहावी हे शहाणपणाचे नव्हे. म्हणजे मौज पाहा: ज्या माहितीसाठी बाप कॉलेजशी भांडतो, त्याहून कितीतरी अधिक माहिती बाजारातल्या एका टेबलावर उघडी पडलेली असते, आणि तिची काळजी ना बापाला ना मुलाला!

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झालेला मनुष्य सज्ञान ठरतो. मतदानाचे वय मात्र एकवीस होते. ते १९८९ साली अठरावर आले. पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारी कित्येक मुले सतरा वर्षांची असतात. तोवर आईबाप हे त्यांचे पालकच होत. परंतु अठरावा वाढदिवस उलटला की कायद्याच्या दृष्टीने विद्यापीठासमोर उभा असतो तो विद्यार्थी, त्याचा बाप नव्हे. सोळावे वर्ष लागलेल्या पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे असे आपल्या जुन्या नीतिकारांनीही सांगून ठेवले आहे. कायदा तर दोन वर्षे अधिकच थांबतो!

खाजगीपणाचा हक्क हे परदेशातून आलेले खूळ आहे असे कित्येकांस वाटते. तसे नाही. या हक्काच्या इतिहासात आपल्या राज्याचे नाव ठळक आहे. १९७५ साली गोविंद विरुद्ध मध्यप्रदेश राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पोलिसांनी एका माणसावर पाळत ठेवावी, वेळी अवेळी त्याच्या घरी जावे, हे योग्य काय, असा त्यात प्रश्न होता. न्यायालयाने पोलिसांचे नियम रद्द केले नाहीत; पण मनुष्याच्या खाजगी आयुष्याला घटनेचे काही संरक्षण असू शकते हा विचार तेथे मांडला गेला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट घडली, ती या सभेतील बापांनी आणि मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावी. आणीबाणीत, १९७६ साली, जबलपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने नागरिकाच्या स्वातंत्र्याविरुद्ध कौल दिला होता. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी तो निर्णय चुकीचा म्हणून रद्द ठरविणारे निकालपत्र लिहिले ते त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. मुलाने बापाचे मत नाकारले म्हणून त्या घराण्याची अब्रू गेली असे कोणी म्हटले नाही. सज्ञान मुलाला स्वतःचे मत असते आणि असावे, याचा याहून चांगला दाखला आम्हांस सुचत नाही.

आणि कागदांच्या खाजगीपणाचे मोल आपल्या भागाला कोणी शिकवावे? २०१९ साली छिंदवाड्यास विद्यापीठ झाले, त्याला पुढे राजा शंकर शाह यांचे नाव मिळाले. १८५७ साली त्या गोंड राजाच्या घराची झडती घेतली गेली. त्यात सापडलेली त्यांच्या हातची एक प्रार्थना त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. आणि १८ सप्टेंबर रोजी पुत्र रघुनाथ शाह यांच्यासह त्यांना जबलपुरास तोफेच्या तोंडी देण्यात आले. घरातील कागद परक्याच्या हाती पडला म्हणजे काय होऊ शकते, हे या विद्यापीठाच्या नावातच लिहिलेले आहे.

अमेरिकेत १९७४ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींचा एक स्वतंत्र कायदा आहे. मूल शाळेत असेतो नोंदी पाहण्याचा हक्क आईबापांचा. ते अठरा वर्षांचे झाले किंवा महाविद्यालयात दाखल झाले की तो हक्क विद्यार्थ्याकडे जातो. मात्र मूल करासाठी आईबापांवर अवलंबून दाखविलेले असेल तर महाविद्यालय त्यांना माहिती देऊ शकते, आणि जीविताला धोका असेल तर कळविण्यास आडकाठी नाही. आपल्याकडे केवळ विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी असा वेगळा कायदा नाही. जे आहे ते निरनिराळ्या कायद्यांतून वेचून घ्यावे लागते.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तसा निर्णय दिला. परंतु बापाने अर्ज केला तर सज्ञान मुलाची माहिती ही दुसऱ्याची व्यक्तिगत माहिती ठरते आणि कार्यालय ती नाकारू शकते. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी लागू होण्यास त्यांनी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. त्याचे सार असे की संगणकात माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगावे, त्या कामापुरतीच घ्यावी, आणि अठरा वर्षांखालील मुलाची असेल तर आईबापांची संमती घ्यावी. त्यात आपल्या उपयोगाचे एक कलम आहे. ही सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय असली पाहिजे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे. तेव्हा पांढुर्ण्याच्या मुलाला "हा कागद मला मराठीत द्या" असे म्हणण्याची सोय होणार आहे, मग विद्यापीठ कोणत्या का राज्यात असेना!

हे सर्व ऐकून एखादा बाप म्हणेल, "मग आम्ही काय नुसते पैसे पाठविणारे यंत्र?" हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर टाळणे बरे नव्हे. जो खर्च करतो त्याला खर्चाचा हिशेब मागण्याचा अधिकार आहेच. फी किती, केव्हा भरावयाची, पावती कोठे, परीक्षा कधी, वसतिगृहाचे नियम काय, हे सारे आईबापांना समजेल अशा भाषेत कळविणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. किंबहुना आज जो राग कारकुनावर निघतो, त्यातला पुष्कळसा यामुळे आहे की जी माहिती कोणाचीच खाजगी नाही तीदेखील धड कळविली जात नाही. परंतु हिशेबाचा हक्क निराळा आणि पहाऱ्याचा हक्क निराळा. मुलगी कोणाबरोबर चहा प्यायली, तिने समुपदेशकाला काय सांगितले, डॉक्टरने कोणते औषध दिले, हे फीच्या पावतीवर विकत मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, "गावात लपवावयाचे काय? आम्ही एकमेकांच्या चुलीपर्यंत जाणारी माणसे." हेही खरे. पण याच गावात पोळ्याला घरी आलेल्या मुलाला चारचौघांत "टक्के किती?" म्हणून विचारतात, आणि तो पुढल्या पोळ्याला घरी यावयाचे टाळतो. आपुलकीने विचारलेला प्रश्नसुद्धा भर बैठकीत दगडासारखा लागतो. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. गुणांवरून विद्यार्थ्यांची सर्वांदेखत मानहानी करू नये, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असावा, आणि आईबापांसाठीही समजुतीचे कार्यक्रम घ्यावेत, असे त्यांत आहे. न्यायालयाला आईबापांपर्यंत यावे लागले, यातच काय ते समजावे.

मुलींच्या बाबतीत थोडे अधिक स्पष्ट बोलतो. मुलगा नापास झाला तर बहुधा बोलणी खातो आणि पुन्हा परीक्षेस बसतो. मुलगी नापास झाली, किंवा वसतिगृहात उशिरा आली एवढे कळले, तर पुष्कळ घरांत शिक्षणच संपते. एकच बातमी, पण तिचे मोल दोघांना सारखे पडत नाही. म्हणून "आम्ही फक्त कळविले" असे म्हणून संस्थेला हात झटकता येत नाहीत. केरळात फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करण्याचा वसतिगृहाचा नियम मानला नाही, म्हणून तिला काढून टाकण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली, आणि १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने तिला परत घ्यावयास सांगितले. वसतिगृहातील मुली सज्ञान आहेत, त्यांना आपले भलेबुरे कळते, आणि इंटरनेट वापरणे हा त्यांच्या शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. खाजगीपणाच्या नावाखाली संस्थेने तोंड मिटून बसावे काय? मुळीच नाही. मूल जेवत नाही, खोलीबाहेर पडत नाही, जिवाचे काही करून घेण्याची भाषा बोलते, अशा वेळी नियमाची वही उघडून बसणारा अधिकारी कर्तव्य चुकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. पण जीविताला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देण्याची मोकळीकही त्याच कलमात ठेवली आहे. त्याच कायद्याप्रमाणे सज्ञान मनुष्याला आपला प्रतिनिधी नेमून ठेवता येतो. तो बाप असेल, आई असेल, मामा असेल, मोठी बहीण असेल, निवड त्याची. रॅगिंगविरुद्धच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांतही विद्यार्थ्याबरोबर पालकाचे प्रतिज्ञापत्र घेतले जाते. म्हणजे आईबापांना दाराबाहेर ठेवण्याचा कायद्याचा हेतू नाही. त्यांनी दार वाजवून आत यावे एवढेच त्याचे म्हणणे आहे.

या बाबतीत इंग्लंडातील ब्रिस्टल विद्यापीठाची रीत आम्हांस अनुकरणीय वाटते. राजा राममोहन राय ज्या शहरात १८३३ साली निवर्तले तेच हे ब्रिस्टल. तेथे विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी सर्वजण हादरले असता, २०१८ पासून नाव नोंदविते वेळीच प्रत्येकाला विचारले जाऊ लागले: तुझ्याविषयी गंभीर काळजी वाटली तर तू सांगशील त्या माणसाला आम्ही कळवावे काय? फार मोठ्या बहुसंख्येने विद्यार्थ्यांनी होकार दिला. विचारले तर मुले नाही म्हणतील ही आपली भीती किती पोकळ आहे, हे यावरून दिसते. मुलांना आईबाप नकोसे नसतात. न विचारता केलेली चौकशी नकोशी असते.

एवढ्या विवेचनावरून आम्हांस जे व्यवहारात आणण्याजोगे वाटते ते आता सांगतो.

माहितीचे तीन भाग करावेत. पहिला भाग सर्वांचा: फी, वेळापत्रक, नियम, परीक्षेच्या तारखा. हा आईबापांना आपण होऊन कळवावा, आणि आपल्या भागात मराठीतही कळवावा. दुसरा भाग विद्यार्थ्याचा: गुण, हजेरी, प्रकृती, समुपदेशन, शिस्तीच्या नोंदी. हा अठरा वर्षांनंतर त्याच्या लेखी संमतीने द्यावा; संमतीच्या कागदावर कोणाला, काय आणि किती दिवस हे लिहिलेले असावे. तिसरा भाग जिवावरच्या प्रसंगाचा. तेथे संमतीसाठी थांबू नये. पण कळवावयाचे ते त्या प्रसंगापुरते आणि शक्य तो विद्यार्थ्याने सांगितलेल्या माणसाला. कारण कित्येकदा घर हाच विसावा असतो आणि क्वचित घर हेच कारण असते.

आईबापांना विनंती अशी की, कॉलेजला फोन करण्याआधी मुलाला फोन करावा, आणि "किती पडले?" याआधी "कसा आहेस?" हे विचारावे. मुलाने नापास झाल्याचे स्वतःहून सांगितले तर त्या दिवशी त्याला रागावू नये. एकदा खरे बोलण्याची शिक्षा झाली की पुढची चार वर्षे खोटे ऐकावे लागते.

विद्यार्थ्यांनाही चार शब्द सांगितलेच पाहिजेत. खाजगीपणा हा हक्क आहे, पण तो फसवणुकीचा परवाना नव्हे. फी घेऊन ती भरावयाची नाही, वर्गात न जाता जातो म्हणावयाचे, आणि विचारले की कायदा दाखवावयाचा, हे हक्काचे रक्षण नसून कष्टाच्या पैशाची चोरी आहे. आपली गुणपत्रिका आपण होऊन दाखवावी. अडचणीच्या वेळी कोणाला बोलवावे त्याचे नाव संस्थेत लिहून द्यावे. अर्ज दुकानात भरला तरी पासवर्ड घरी येऊन बदलावा, आणि ओटीपी कोणाला सांगू नये. मन फारच खचले आणि ओळखीच्या माणसाशी बोलवेना, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उघडा आहे.

शेवटी आपल्या न्यासाकडे येतो. दान घेणाऱ्याचा हात खाली असतो असे म्हणतात. म्हणून देणाऱ्याने डोळा खाली ठेवावा हे अधिक चांगले. महोत्सवी वर्षात विश्वस्तांनी शिष्यवृत्तीचे असे नियम करावेत अशी आमची सूचना आहे. अर्ज मराठीत व हिंदीत असावा आणि त्यात कामापुरतेच विचारावे. घरची गरिबी निवड समितीपुढेच राहावी. व्यासपीठावरून वाचली जाऊ नये. सज्ञान विद्यार्थ्याचे छायाचित्र, गुण आणि नाव स्मरणिकेत छापावयाचे ते त्याला विचारून. नाही म्हणणाऱ्याची शिष्यवृत्ती एका पैशाने कमी होऊ नये. व्हॉट्सॲपच्या गटावर मुलींचे फोन क्रमांक टाकू नयेत. गुण घसरल्यामुळे मदत थांबवावयाची वेळ आली तर प्रथम विद्यार्थ्याला बोलवावे, कारण ऐकावे, त्याला एक संधी द्यावी. घरी कळवावयाचे झाले तर ते त्यानेच कळवावे आणि त्याला धीर नसेल तर त्याच्याबरोबर विश्वस्तांपैकी कोणी जावे. आणि काम संपलेले कागद रद्दीवाल्याकडे न देता फाडून टाकावेत.

यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. एक कुलूप, एक संमतीचा कागद आणि थोडा धीर एवढ्यावर हे सारे होण्यासारखे आहे. जी मुलगी आज एका विषयात राहिली आहे ती पुढल्या परीक्षेस बसावी, आणि ज्या बापाला आज परके वाटते त्याला तिच्याच तोंडून निकाल कळावा, इतके जरी या न्यासाच्या हातून घडले तरी महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.